परवा मी रघूदादावर ओरडलो

रघूदादा आज सकाळी गेला.
आणि परवा मी त्याच्यावर कंपनीत अख्ख्या लाइनसमोर ओरडलो होतो.

डोकं सुन्न झालंय. तरी लिहितोय.

मुरबाडच्या कंपनीत दोन वर्षं आम्ही एकाच पॅकिंग मशीनवर होतो. तो किन्हवलीचा, पंचेचाळिशीचा. मी सापगावचा, कॉलेज अर्धवट सोडून आलेला.

माझं जिच्यावर प्रेम, तिचा फोन आला की मी मशीन सोडून बाहेर पळायचो. ती पण किन्हवलीचीच.
दादा दोघांचं काम एकटा ओढायचा. वर म्हणायचा, "जा रे येड्या, बोल. पन भांडू नको तिच्याशी."

गेल्या महिन्यात मला सुपरवायझर केलं.
माझ्या डब्यातलं सुकट पळवणारी पोरं आता मला बघून हसायची. "आला बघा, लय मोठा मानूस!"
माझं टाळकं सरकायचं. म्हटलं, एकदा दाखवतोच.

परवा दादा मशीन सोडून दरवाज्यापाशी फोनवर दिसला.

"घर हाय का हे? ड्युटीवर फोन नाय म्हंजे नाय! तुमाला वेगळा नियम हाय का?"

त्याला मी पहिल्यांदाच "तुमी" म्हणालो.

दादाने फोन खिशात टाकला.
"चुकलं साहेब."
बस, एवढंच.

काल मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सॉरी आज म्हणणार होतो.

सकाळी कामावर निघताना तो अंगणातच कोसळला. हार्ट अटॅक.

दुपारी स्मशानात तिचे बाबा माझ्याजवळ आले. ज्यांच्यासमोर माझं नाव काढायची सोय नव्हती, ते.

"परवा रघूचा फोन आलता. तुझ्यासाठी. म्हनला, पोरगा आता सुपरवायझर झालाय, डोक्यानं गरम हाय पन मनानं चांगला. पोरगी द्या."

मग म्हणाले, "बोलता बोलता मधेच म्हनला, ठेवतो, आमचे साहेब आले. लय खूश होता रे."



"रविवारी घरी ये," म्हणाले.

काका, येईन. पण आधी हे वाचा. तो फोन मी तोडला. कसा, ते वर लिहिलंय. वाचून मग सांगा, येऊ का नको.

दादा, उद्या लाइन चालू होणार. तुझ्या मशीनवर कोण, ते मी ठरवायचंय.
मला नाय जमत रे.

माफ कर. शेवटचा रामराम, रघूदादा.