पडद्याकडं पाठ

जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी तरी घेता येतात. किस्से कोण घेणार? शिवाजी पेठेत दस्तगीरभाईंच्या टेलरिंगच्या दुकानावर माडी आहे. दर रविवारी तिथं आम्ही चौघं जुने विनोदी पिक्चर बघतो, आणि किस्से आपले साठत जातात!

*

जोशीसर कॉलेजातून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. प्रत्येक विनोदाच्या आधी त्यांचं सुरू, "आता बघा हं, आता बघा!" शेवटी भाईंनी नियमच केला. ज्यानं पिक्चर सुचवला, त्यानं टीव्हीकडं पाठ आणि आमच्याकडं तोंड करून बसायचं.

सर म्हणाले, "अहो, मग मी काय बघू?"

"तुमचा बघून झालाय न्हवं? आता आमाला बघा की!"

*

चौथे सर्जेरावअण्णा. साखर कारखान्यावर ट्रक चालवायचे. हा माणूस हसतच नाही! आम्ही लोळतोय आणि अण्णा मांडी घालून बसलेत, कुणाच्या तरी बाराव्याला आल्यासारखे. एकदा विचारलंच, "अण्णा, आवडत नाही का?"

"आवडतंय की! पन हसलं की फुडचं ऐकू येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी वहिनी काळजीनं भाईंच्या दुकानात हजर. "काल काय दाखवलासा ह्यास्नी? सकाळधरनं न्हाणीत एकटंच हसाय लागल्यात!"

*

लग्नाच्या कोटाचं माप द्यायला एक नवरदेव आला. माप घेता घेता भाईंनी त्याला अख्खा पिक्चर सांगितला. तो पोट धरून हसतोय, भाई टेप लावतायत. ट्रायलला कोट हा एवढा सैल!

भाई म्हणाले, "पावणं, कोट बरोबर हाय. तुमी हसायचं थांबलासा!"

*

सरांनी एकदा विनोदी पुस्तक वाचायला आणलं. एका वाक्यापाशी त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. वाक्य काही पुरं होईना, सरांकडं बघून आम्हीही गडाबडा लोळलो. शेवटी भाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि ते वाक्य खणखणीत वाचलं. कुणी हसलं नाही.

अण्णा म्हणाले, "सरांकडंच द्या ते. कळत न्हवतं तवाच बरं हुतं."

*

माझी मात्र अब्रूच पणाला लागली होती. मी सुचवलेल्या पिक्चरला अण्णा न्हाणीतसुद्धा हसायचे नाहीत! भाईंनी निकाल दिला, "ह्या रविवारी अण्णा हसलं न्हाईत, तर तुमची पाळी बंद."

मला फार लागलं ते. मग मी हुकमी एक्का काढला. मूक पिक्चर! ऐकू येत नाही ही सबबच संपली.

यूट्यूबवर लावला आणि पाठ करून बसलो. पिक्चर मला तोंडपाठ. आता हीरो शिडीवर चढणार, म्हणून माझे हात आपोआप वर. आता शिडी हलणार, म्हणून मीही डुलतोय. आता चुन्याची बादली, म्हणून डोळे गच्च मिटले.

उघडले तर अण्णांच्या मिशा थरथरत होत्या. मग मांडीवर थाप पडली, आणि अण्णा चक्क आडवे! डोळ्यांतून पाणी. सर भिंतीला धरून हसतायत. मनात म्हटलं, जिंकलो!

ऐटीत मागं वळून बघितलं. टीव्हीवर काळ्या पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं. नेट पहिल्यापासूनच गेलेलं.

अण्णा डोळे पुसत ओरडले, "ओ, तोंड हिकडं करा की! त्यो गडी अजून शिडीवरच हाय न्हवं?"