आवक नंबर नसलेला सवाल

हिंगोलीच्या तहसील कार्यालयासमोर मी अर्ज लिहून देतो. एका दुपारी डोंगरकड्याकडील तांड्यावरची एक तरुणी माझ्या टेबलापाशी मोबाईल घेऊन बसली. इथे नेटवर्क उत्तम मिळते. चित्रकथा काढणाऱ्यांच्या मेळाव्यातली ऑनलाइन चर्चा त्यावर चालू होती. ऐकता ऐकता तिचे बोट मांडीवर चित्रे रेखाटत होते.

“काका, या बोलणाऱ्यायला सवाल विचारायचाय. चांगल्या भाषेत सांगा.”

मी सांगू लागलो, “माननीय महोदय, सविनय विनंती अर्ज सादर करण्यात येतो की...”

ती खळखळून हसली. “मला काय रेशन कार्ड काढायचंय?” मग तिने स्वतःच टाइप केले: ‘माझ्या चित्रातली माय तांड्याच्या बोलीत बोलते. तुमी वाचताल का?’

वक्त्यांनी एकमेकांचे आभार मानले आणि चर्चा संपली. तिचा सवाल कोणी घेतलाच नाही.

“त्यायला दिसला तरी असंल न्हाई का, काका?”

“दाखल झालेल्या अर्जास उत्तर द्यावेच लागते,” मी अधिकारवाणीने म्हणालो.

“मग आवक नंबर कुठंय?” ती हसली; परंतु काळ्या पडद्यावरून तिची नजर हलेना.

ती पुन्हा आली नाही. तिच्या चित्रातली माय काय बोलते, ते मला वाचायचे आहे.