नन्नाताईचा निरोप

विमानतळ कसला, एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि मागे दोन डोंगर! त्या खोलीत बसून हवामान बघणाऱ्या बाईला सगळं गाव नन्नाताई म्हणायचं. लोक बॅगा भरून यायचे आणि हिचा नन्नाचा पाढा सुरू व्हायचा, "आज नाही." मग काय, शिव्यांची लाखोली.

बिचारीचा दोष काय हो? दोन डोंगरांमधल्या खिंडीतून दुपारी वारा घुसायचा आणि उतारावरून खाली कोसळायचा. धावपट्टीवर झाडाचं पान हलत नसे, पण नुकतंच उडालेलं छोटं विमान तो वरून दाबायचा. त्याआधी डोंगरमाथ्यावर एक चपटा ढग ठाण मांडून बसे. तो दिसला की ताई नाही म्हणे आणि वैमानिक तिचं ऐकत.

त्या दिवशी तिच्या आईचाच एक डोळा अचानक अंधारला. आतला पडदा सुटला होता. शहरात लगेच ऑपरेशन झालं तर नजर वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. विमानाने पाऊण तास, रस्त्याने अख्खा दिवस. धाकटा भाऊ आईला घेऊन धावपट्टीवर आला, तर माथ्यावर ढग हजर!

"ताई, अगं पानसुद्धा हलत नाहीये. एकदा हो म्हण. आई आहे आपली!"

हो म्हणायला तिला काय नको होतं? तिने पुन्हा ढगाकडे पाहिलं आणि वैमानिकाला सांगितलं, "नाही." भावाने तिच्याकडे न बघताच आईला गाडीत बसवलं.

आणि त्या दुपारी वारा आलाच नाही. मेला, ढगापाठोपाठ न चुकता येणारा! संध्याकाळी ढगही विरून गेला. ताई खिडकीशी बसून ढसाढसा रडली.

आई परतली, पण तो डोळा गेला होता. भाऊ ताईशी बोलेना. ताई आईच्या उशाशी बसली. "माझं चुकलं गं."

"एका डोळ्यानेही तुझं पडलेलं तोंड दिसतंय मला," आई म्हणाली. "इतक्या लोकांना नाही म्हणालीस. माझ्यासाठी हो म्हणाली असतीस ना, तर मी त्या विमानात पाय ठेवला नसता."

ताईला हुंदका आवरेना. दारात उभ्या भावाने घसा खाकरला.

"ताई, परवा आईला तपासणीला न्यायचंय. तू सांगशील तेव्हाच निघू."