मावसाजीची फट्-फट्-टुक

आमच्या मावसाजीसारखा हेकट माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाई. असलाच कुठं, सिंदीले म्हणा की आर्वीले, तर त्याच्या घरच्यांनी मले सांगावं. आपण एखाद्या झाडाखाली बसू आन् दोघंही जीव मोकळा करू. मी सहजासहजी चिडणारा माणूस नाई. मी आष्टीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आन् जिथं माइक दिसला तिथं नकला करतो. शाळेत होतो तेव्हा हेडमास्तरची केली, मंग कंडक्टरची केली, पानठेल्यावरच्या भांडणाची तर दोन्ही बाजूंनी करतो. लोक हसतात, मीही हसतो. पण मावसाजीची गोठ निघाली की माहं डोकं सणकते, आन् मंग मी त्याईची नक्कल करतो तेव्हाही हसता हसता दात-ओठ खाऊनच करतो.

मावसाजीच्या लेखी ‘नवीन’ ही शिवी हाय. गावाले नवीन सडक झाली तर हा माणूस वर्षभर तिच्या बाजूच्या चाकोरीनं चालला. काऊन, तर म्हणे, “बसू दे आधी तिले.” त्याईच्या छत्रीले सायकलचे आरे हायेत, दांडा दुसऱ्याच छत्रीचा हाय आन् कापड मावशीच्या पेटीकोटाचं हाय, तरी ते तिले लग्नातली छत्री म्हणतात. मी त्याईले एक चांगला मोबाईल दिला, तर तो त्याईनं बंद करून लोखंडी पेटीत ठेवला, खराब होऊ नये म्हणून. गुडघा दुखते म्हणून मीच त्याईले सावंगीच्या दवाखान्यात घेऊन गेलतो. डॉक्टरबाईनं फोटो उजेडापुढं धरला आन् सांगतलं, “आजोबा, गुडघा पार झिजला आहे. बदलावा लागेल.” मावसाजीनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् आवाज खाली घेऊन म्हणाले, “बाई, खोलून, साफसूफ करून, जरासं ग्रीस मारून नाई का बसवता येत? माल मूळचा हाय.” बाई हसली. मी नाई हसलो, कारण ते गंमत करून राह्यले नव्हते.

पण छत्री आन् गुडघा सोडून द्या. माह्या संतापाची खरी धनीण म्हणजे ती मशीन.

धरण झालं तेव्हा मावसाजीचं गाव वर टेकडीवर सरकलं, अर्धं वावर पाण्यात गेलं, आन् संत्र्याची बाग तेवढी नेमकी पाण्याच्या पलीकडं राह्यली. सडकेनं जा तर वळसा घालता घालता अर्धा दिवस मोडते. डोंग्यानं जा तर तोंडातलं पान संपत नाई तोवर पलीकडं. म्हणून डोंगा, आन् डोंग्याच्या मागच्या फळीले बाहेरून लटकवलेलं पेट्रोलचं इंजिन, ज्याले आमच्याकडं सारे मशीनच म्हणतात. ही मशीन मावसाजीनं माह्या जन्माच्या आधी सरकारी भंगाराच्या लिलावात घेतली. म्हणजे सरकारनं जिच्यापुढं हात टेकले, तिले ह्या माणसानं घरी आणून हळदीकुंकू लावलं.

तेव्हापासून ते तिले दुरुस्तच करून राह्यले. तिची ओढायची रस्सी म्हणजे बैलाचा कासरा. प्लग फटफटीचा, पेट्रोलचा नळ फवारणी पंपाचा, टाकीचं झाकण लोणच्याच्या बरणीचं, आन् म्हणून ती सुरू झाली की पेट्रोलसोबत कैरीचाही वास येते, असं निदान मले तरी वाटते. पंखा एकदा खडकावर आदळून मोडला, तो लोहाराकडून जोडून आणला, तेव्हापासून डोंगा सारखा डावीकडं ओढते. त्यावर मावसाजीनं उपाय काय काढला? निघतानाच डोंग्याचं तोंड उजवीकडं करून निघतात. पाहुण्याले वाटते बुढा दुसऱ्याच गावाले चालला. आन् रस्सी ओढायची कोनी? सुट्टीत आलेल्या साळीच्या पोराईनं. माहा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली हाय, शर्ट शिवणारा टेलर दरवेळी विचारते, मी त्याले काय सांगू?

एकदा मी ओसरीवर त्याईले हिशेबच मांडून दाखवला. रस्सी बैलाची, प्लग फटफटीचा, नळ पंपाचा, झाकण बरणीचं, पंखा लोहाराचा. मंग विचारलं, “मावसाजी, ह्या मशीनमधे जुनं असं राह्यलं तरी काय?”

त्याईनं सुपारी कातरता कातरता शांतपणे उत्तर दिलं, “आवाज.”

आता ह्याले काय म्हणावं? पण आवाज होता, हे मी नकलाकार म्हणून कबूल करतो. फट्-फट्-फट्-फट्, मंग जरासं गप्प, जसं कोनाले काही सांगता सांगता मधातच विसरलं, आन् मंग एकच ‘टुक’. पुन्हा फट्-फट्. सायलेन्सरले कुठंतरी भोक होतं, त्याचा तो प्रताप. हा आवाज पाण्यावरून थेट टेकडीपर्यंत येते, आन् तिकडं मावशीचा कान लागलेला असते. टुक ऐकू आला की ती तवा ठेवते. डोंगा काठाले लागला की पहिली पोळी तव्यावर पडते. मावसाजी हातपाय धुऊन पाटावर टेकतात तेव्हा ती फुगून ताटात येते. लग्नाले एवढी वर्षं झाली, पण आपण केव्हा येतो हे ह्या माणसानं बायकोले कधी तोंडानं सांगतलं नाई. जे सांगतलं ते मशीननं.

मी शाळेत असताना एकदा गोठ्यामागं उभा राहून मशीनची नक्कल केली. मावशीनं तवा ठेवला, पोळी लाटली, आन् मी पुढं जाऊन दात काढले. तिनं ती पोळी माह्याच ताटात टाकली आन् म्हणाली, “तुहा टुक घाईचा हाय रे बाबू. तिचा जरा दम खाऊन येते.” मी चिडलो. अख्ख्या शाळेत माह्या नकलेले नाव ठेवणारा मायचा लाल नव्हता, आन् ही चुलीपुढं बसून माह्या चुका काढून राह्यली.

तर मागच्या हंगामात संत्रा तोडणीच्या ऐन दिवसात मशीन पाण्याच्या मधात बंद पडली. डोंग्यात कॅरेट भरलेले, वारा सुटलेला, आन् मावसाजी एकटे. कासरा ओढून ओढून हात सोलले, तरी ती हू की चू करेना. वाऱ्यानं डोंगा ढकलत ढकलत पार धरणात बुडालेल्या वाळक्या झाडाईत नेऊन अडकवला. मासेवाल्या पोट्ट्याईनं संध्याकाळी ओढून आणला. तोवर मावशी काठावर उभी होती. दुपारपासून. तवा चुलीवर तसाच तापून काळा पडलेला, तो आष्टीहून धावत आल्यावर मीच उतरवला.

मावसाजीचा पोरगा, आमचा दादा, नागपूरले नोकरीवर असते. तो दुसऱ्याच दिवशी आला आन् बापाले सरळ सांगतलं, “बाबा, पुढच्या तोडणीच्या आत भरवशाची मशीन लावा. नाईतर मी बाग ठेक्यानं देऊन टाकतो. तुम्ही मंग पाण्यात पाय नाई टाकायचा.”

बागेचं नाव निघाल्यावर मावसाजी एकदम बारीक झाले. त्या बागेत त्याईनं प्रत्येक झाडाले नातेवाईकाचं नाव दिलं हाय. माह्या नावाचं झाड सगळ्यात वाकडं हाय, आन् त्याची फळं आंबट हायेत, हे ते मले पाहुण्याईसमोर सांगतात. तिकडं गेले नाईत तर हा माणूस दोन दिवसात खाटेले लागीन, हे आम्हा साऱ्यांले माहीत होतं. म्हणजे आता प्रश्न सोपा होता. जुनी पूर्ण खोलून बांधायची की नवीन घ्यायची, एवढं ठरवायचं. कोनत्याही शहाण्या माणसानं चहा थंड व्हायच्या आत ठरवलं असतं.

मावसाजीनं अख्खा उन्हाळा घातला.

पहिले त्याईनं मले विचारलं. मी म्हटलं, “नवीन घ्या.” तर म्हणे, “तू दुकानात बसून दिवसभर ज्याले त्याले हेच सांगतो. तुह्यं मत मी काऊन घेऊ?” मंग मले विचारलंच कशाले? मंग आष्टीच्या बाजारात कांदेवाल्याले विचारलं, बसमधे शेजारी बसलेल्या मास्तरले विचारलं, चुलत्याच्या तेरवीत खुद्द भटजीले विचारलं. ज्यानं ‘जुनीच बांधा’ म्हटलं त्याले हसले, म्हणे ह्याले इंजिनातलं काय कळते. ज्यानं ‘नवीन घ्या’ म्हटलं त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी दादानं नागपूरहून एक एजंट पाठवला, नवीन मशीन सोबत देऊन. आन् मी जे पाह्यलं ते सांगतो, त्यात माह्या पदरचं काही नाई. मावसाजीनं धुतलेली टोपी घातली. मशीन ओसरीवर खुर्चीत बसवली. मावशीले पोहे करायले सांगतले. एजंट बिचारा गोंधळून एकदा खुर्चीतल्या मशीनकडं पाहे, एकदा पोह्याच्या प्लेटीकडं.

“मूळ कुठलं हिचं?” मावसाजीनं विचारलं.

“जपानचं, काका.”

“लय दूर दिलं मंग. दुखलं-खुपलं तर माहेरी कोन नेऊन देईन?”

“काही होतच नाही काका हिला.”

“असं साऱ्याच पोरीचे बाप म्हणतात. आवाज कसा हाय?”

एजंट खुलला. “आवाजच नाही काका. सुरू आहे हे कळणारसुद्धा नाही. हीच तर हिची खासियत.”

मावसाजीनं दाराकडं पाह्यलं. दारात मावशी पोह्याचं ताट घेऊन उभी होती. मंग ते एजंटले म्हणाले, “मुकी हाय म्हणा ना. बरं, घरच्याईशी बोलून कळवतो.”

माहं डोकं असं तापलं की मी पोहे न खाता उठलो. म्हणजे अर्धे खाऊन उठलो.

आन् मंग जुनी बांधायचंच ठरलं. आष्टीत फवारणी पंप दुरुस्त करणारा एक इंजिनवाला हाय, त्याच्याकडं मशीन गेली. मावसाजी रोज त्याच्या दुकानात स्टूल टाकून बसत आन् दवाखान्यात पेशंटजवळ बसल्यासारखे कोनाशी मोठ्यानं बोलत नसत. इंजिनवाला भला माणूस. त्यानं रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलले, पंखा सरळ केला, गंज खरवडला, आन् शेवटी बोलला, “काकाजी, जीव ओतून केली. पण आतून बुढी झाली हे खरं. किती चालन हे मी नाई सांगू शकत.” मावसाजी म्हणाले, “माहंही कोन सांगून राह्यलं?”

दुसऱ्या दिवशी मशीन डोंग्याले लागली. मी कासरा हाती घेतला, पाय रोवले, देवाचं नाव घेतलं, आन् एकाच ओढीत ती सुरू झाली. मी पडता पडता वाचलो. मावसाजी टोपी काढून हसले. आम्ही पलीकडं गेलो, झाडं पाहून झाली, वापस निघालो. डोंगा सरळ चालला होता, आवाजही कसा एकसारखा, मऊ. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा मावसाजी मशीनकडं वाकले. कान तिच्याकडं लावला. मंग मले विचारलं, “टुक कुठं गेला?”

इंजिनवाल्यानं, भला माणूस म्हणालो ना, सायलेन्सरचं भोकही बुजवून टाकलं होतं. तेही फुकट.

घरी आलो तर चूल थंड. मावशी अंगणात मिरच्या निवडत होती. आम्हाले पाहून दचकून उठली. “अवो, आज कोनाच्या डोंग्यात आले तुम्ही?”

मी म्हटलं, मावसाजी, काही नाई, त्या भोकावरचा तुकडा उद्या काढून टाकू. ते पाटावर बसले. रिकाम्या ताटाकडं पाहत राह्यले. मंग म्हणाले, “नाई बाबू. मुद्दाम पाडलेलं भोक थे भोक नसते. आता हीही परकी, थेही परकी. मंग जिचा भरवसा हाय थे परकी आणा.”

एवढंच. ज्या गोठीसाठी मी अख्खा उन्हाळा डोकं फोडून घेतलं, ती एका रिकाम्या ताटापुढं ठरली. दादानं नवीन मशीन लावून दिली. जुनी गोठ्यात खुंटीले टांगली हाय, मावशीचं जुनं लुगडं पांघरून, लोणच्याच्या झाकणासकट. बाग वाचली. माहा खांदा वाचला. मले खरं तर आनंद व्हायले पायजे होता.

परवा तिकडं गेलतो. दुपारी मावशीजवळ चुलीपुढं बसलो होतो. ती पीठ मळता मळता मधातच थांबली आन् बोट वर केलं. मी कान दिला. पाण्यावरून आवाज येऊन राह्यला होता, बारीक, वाऱ्यात मोडणारा. फट्-फट्-फट्-फट्. मी धावत अंगणात गेलो. खाली पाण्यावर ती मुकी मशीन डोंग्याले सरळ आणत होती, आन् मावसाजी एक हात तोंडापुढं धरून, मान वर करून, अख्ख्या धरणाले ऐकू जाईल असे ओरडून राह्यले होते. फट्-फट्-फट्-फट्.

माह्या तळपायाची आग मस्तकाले गेली. नक्कल हा माहा धंदा हाय. ह्या माणसानं जिंदगीत कधी कोनाची नक्कल केली नाई, वरून माह्या नकलेले थिल्लरपणा म्हणत आले. आन् आता भर दुपारी, ह्या वयात, तो झिजलेला गुडघा घेऊन.

चार वेळा फट् झाल्यावर त्याईचा दम संपला. ते थांबले. एक श्वास घेतला. पाण्यावर आवाज कसलाच नव्हता.

मंग आला तो टुक. माहा नेहमी ज्या जागी चुकते, बरोबर तिथं.

मागं तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला. “आले,” मावशी म्हणाली, “तूही हातपाय धुऊन घे.”