आठ की सोळा?

किस्से साठायला ऑफिस मोठं लागतं असं कुणी सांगितलं? आमचं ऑफिस म्हणजे काशीत, दूधविनायकच्या गल्लीतली तळमजल्यावरची एक खोली. नाना तिथे पुस्तकांची अक्षरजुळणी करून देतात, सुनंदा टाइप करते आणि मी प्रुफं बघते. एवढ्या तिघांत, एका नव्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवायची की नाही, या एकाच प्रश्नावर इतके किस्से जमले की काय सांगू! तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. आम्हाला आता येत नाही.

*

जुना कॉम्प्युटर कायमचा बसला, तेव्हा नाना नवा घ्यायला गेले. मीही बरोबर होते.

दुकानदार गुप्ताजी म्हणाले, "इसमें आठ जीबी रैम है. सोलह करवा लीजिए."

नाना ताठ झाले. "हमें कौन-सा सिनेमा देखना है! हमें तो किताब बनानी है."

गुप्ताजींनी नानांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सिनेमा तो चार में भी चल जाता है भइया. किताब में ही मशीन बैठ जाती है!"

नानांनी आठचाच घेतला.

*

पुस्तक होतं आप्पांचं. आप्पा म्हणजे निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. काशीतल्या मराठी घरांत जी मराठी बोलतात तिचा कोश त्यांनी एकट्याने जमवला होता. वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन, सैपाकघरापर्यंत पोचून, म्हाताऱ्या बायकांना बोलतं करून. ज्या घरांतून शब्द आणले त्यांतल्या कितीतरी घरांना आता कुलूप आहे. माणसं पुण्याला, नाहीतर दिल्लीला, नाहीतर थेट मणिकर्णिकेच्या चितेवर गेली.

आप्पा काठी टेकत रोज यायचे. सुनंदा कोशाची फाइल उघडायची, शेजारी त्यांच्या अक्षरातली स्कॅन केलेली पानं उघडायची, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं. चहा यायचा, संपायचा. चक्र फिरतच.

"काय करतोय तो?" एकदा आप्पांनी विचारलं.

"विचार करतोय, आप्पा."

"कसला? हे छापावं की नाही याचा?"

*

मग नानांनी कंपनीला फोन लावला. मेमरी वाढवली तर चालेल का?

पलीकडचा मुलगा फार नम्र. "सर, बाहर से डलवाएँगे तो डिब्बे की सील टूटेगी. सील टूटी तो वारंटी गई."

"और नहीं डलवाई तो?"

"तो वारंटी पूरी रहेगी सर."

"लेकिन काम तो होता नहीं!"

"सर, वारंटी मशीन की होती है. काम की नहीं."

नानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या सीलकडे बघत बसले. सील मात्र अगदी झकास होतं!

*

सुनंदाने तोड काढली. कोशाचे तुकडे केले. प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल. अ उघडला, क उघडला, प सुद्धा उघडला. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक अक्षर अडलं. सगळ्यात जास्त शब्द त्याच अक्षरात.

आप्पा दारातच उभे. "काय झालं?"

सुनंदा कसंबसं म्हणाली, "आप्पा, म उघडत नाही."

आप्पा खाली बसले. "म उघडत नाही, तर मराठी कुठून उघडणार बाई!"

*

शेवटी मेमरी घ्यायची ठरली, तर तिचे भाव चढायला लागलेले. नाना म्हणाले, थोडं थांबू, उतरतील. दर आठवड्याला गुप्ताजींकडे जायचे, भाव विचारायचे आणि हात हलवत परत यायचे.

एकदा गुप्ताजींनी सरळ सांगितलं, "देखिए, कल लेते तो आज से सस्ती पड़ती. आज लीजिए, तो कल से सस्ती पड़ेगी. बाकी आपकी मर्ज़ी."

नाना म्हणाले, "सोच के बताते हैं!"

*

आप्पांचा नातू निखिल नोएडात वाढलेला, तिथेच कॉम्प्युटरच्या कामात. 'आजोबा' हा एवढाच मराठी शब्द त्याच्या तोंडात. आप्पांनी फोनवर अडचण सांगितली, तर त्याने चटकन मेमरीची पट्टी कुरियरने पाठवली. आप्पा पाकीट छातीशी धरून आले. चेहरा असा, की जणू पुस्तकच छापून आलंय!

नानांनी धीर करून सील फोडायला घेतलं, पण आधी पट्टी गुप्ताजींच्या दुकानातल्या पट्टीशेजारी धरून बघितली. आमची आखूड. गुप्ताजी म्हणाले, "ये तो लैपटॉप वाली है."

आम्हाला आप्पांकडे बघवेना. परत पाठवून बदलून घेऊ, असं नाना म्हणाले.

"नको," आप्पा म्हणाले. "त्याने आठवणीने पाठवलीय. माझ्याकडेच राहू दे." आणि पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

*

त्यानंतर आप्पा यायचे थांबले. आधी ताप, मग छातीत कफ. नाना दोनदा बघून आले. दोन्ही वेळा आप्पांनी एकच विचारलं, "म उघडला?"

मणिकर्णिकेवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी नाना कुणाला न विचारता गुप्ताजींकडे गेले. भाव विचारला नाही. पट्टी आणली, सील स्वतःच्या नखाने फाडलं, आठची सोळा केली.

सुनंदाने कोश उघडला. अ पासून ज्ञ पर्यंत, स्कॅन केलेल्या पानांसकट, एका दमात उघडला. चक्र फिरलंच नाही.

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "आता दाखवू कुणाला?"

*

तेरावा झाला आणि निखिल आमच्याकडे आला. उंच, शांत, डोळे सुजलेले. नानांनी त्याला कोश दाखवला. त्याला अर्थ लागेना, पण पानं पुढे-पुढे सरकवत राहिला.

मग म्हणाला, "इसमें एक शब्द ढूँढ़ना था. आजोबा हमेशा बोलते थे. मतलब हमने कभी पूछा नहीं."

सुनंदाने खुर्ची रिकामी करून दिली. त्याने अडखळत टाइप केलं: येतोस्ना.

उत्तर तत्काळ आलं. असा शब्द नाही.

त्याने स्पेलिंग बदललं. एतोसना. तोही नाही.

"छूट गया होगा," तो म्हणाला. "इतने सारे शब्द थे."

नानांनी तोंड दाराकडे फिरवलं. सुनंदाने हळूच विचारलं, "कब बोलते थे?"

"जब भी हम नोएडा लौटते थे. इधर हमने बैग उठाया, उधर वो चप्पल पहनकर पीछे-पीछे. गली के मोड़ तक. वहाँ रुककर बस यही एक शब्द."

"और आप क्या कहते थे?"

"हम?" निखिल म्हणाला. "हम बोल देते थे, हाँ आजोबा."