ओटिलीची पिवळी बरणी

माझ्या मालकांच्या दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी त्यांना ‘निरुपद्रवी माणूस’ म्हटलं. एकोणीस वर्षं त्यांचं घर मी सांभाळलं, पण मला कोण विचारतंय? ज्या माणसाच्या पलंगाखाली गोगलगाई, कोटाच्या खिशात ओलं शेवाळ आणि मागच्या खोलीतल्या भट्टीवर सडक्या अंड्यांच्या वासाचं काहीबाही उकळत असतं, तो निरुपद्रवी कसा? तरी मी मान खाली घालून उभी राहिले. खरं काय होतं ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

एरेनफ्रीड माउरर मूळचे वाल्डेनबाखचे नव्हेत. आमच्या या कुंभारांच्या गावात ते औषधांच्या दुकानात हाताखाली काम करायला आले, दुकानदाराच्या मुलीशी लग्न केलं, आणि वर्षभरात पदरात एक तान्ही पोर टाकून ती बिचारी गेली. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी कुंभाराची लेक, विधवा, मूलबाळ नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी घराची वाटणी केली.

“बुर्गा, दुकान आणि मागची खोली माझी. तिथली एकही बाटली पुसायची नाही. स्वयंपाकघर तुझं. तिथे मी नाक खुपसणार नाही.”

“नाकच काय, ते चिखलाचे बूटसुद्धा आणायचे नाहीत,” मी म्हणाले.

दोघांनी तो करार पाळला. मोडला असता तर फार बरं झालं असतं.

सुरुवातीला गाव त्यांना हसायचं. शहाणासुरता माणूस रविवारी चर्चमधून निघाला की बिअरच्या बाकाकडे जातो. हे जंगलाकडे जायचे आणि दगडांवरचं शेवाळ खरवडून आणायचे. मग ‘सोनेरी बोकड’ खानावळीत वाइन प्यालेली माणसं पोट धरून लोळायला लागली. मालकांनी तिथून वाइनचा एक कुंजा मागवला. गंधक आणि चुना उकळून केलेलं त्यांचं ते घाणेरडं पाणी त्यात चार थेंब टाकलं, आणि वाइन काळीठिक्कर पडली. आंबट वाइन गोड लागावी म्हणून खानावळवाला तिच्यात शिशाची भुकटी घालत होता. तो रातोरात पळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक मालकांना टोपी काढून नमस्कार करायला लागले. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची पत्रं येऊ लागली. मी ती पत्रं पिठाच्या डब्यामागे जपून ठेवायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, मला वाटायचं.

त्यांचा खरा जीव दोनच गोष्टींत होता, शेवाळ आणि ओटिली. पोरगी चालायला लागल्यापासून त्यांच्याबरोबर जंगलात जायची. घरी आल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. मालक शेवाळाचं लॅटिन नाव सांगायचे, ओटिली ते चुकीचं म्हणायची, आणि मी कागदावर चिकटवून खाली लिहायची. लिहायला मला त्यांनीच शिकवलं. चाळिशीतल्या बाईला अक्षरं गिरवायला लावणारा मालक आमच्या गावात दुसरा झाला नाही.

ओटिलीच्या सहाव्या वाढदिवसाला माझा भाऊ लोरेन्स तिच्यासाठी एक बरणी घेऊन आला. एवढीशी, पिवळीधमक, पोटावर रंगवलेला एक पक्षी. झिलई अशी की तीत तोंड दिसावं.

“गिऱ्हाइकांना झिलईचा एक हात,” लोरेन्स म्हणाला, “आणि आमच्या राजकन्येला दोन!”

मालकांनी बरणी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाले, “लोरेन्स, तुझ्या हाताला तोड नाही.” हे त्यांचे शब्द मला लख्ख आठवतात.

मी त्या बरणीत शिरक्यातल्या काकड्या घातल्या, वर शेपूची काडी. ओटिलीला आंबटाचं भारी वेड. काकडी संपली की ती बरणी तोंडाला लावून शिरका प्यायची, आणि मी खोटंखोटं रागवायची.

त्या हिवाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी अधूनमधून, मग रोज. पोर पांढरी पडत चालली. मालकांनी विहिरीचं पाणी तपासलं. तिच्या लाकडी बाहुलीचा रंग खरवडून तपासला. आपल्या हातांना काही लागलेलं असेल म्हणून तिला जवळ घेण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुवायचे, सालं निघेपर्यंत. फक्त माझ्या स्वयंपाकघरात ते आले नाहीत. दिल्या शब्दाला जागले. आणि आले असते, माझी भांडी हुंगायला लागले असते, तर मी केवढं आकांडतांडव केलं असतं, तेही मला माहीत आहे.

ओटिलीला अन्न जाईना. पाव नको, दूध नको. “बुर्गा, काकडी दे ना,” एवढंच म्हणायची. काहीतरी पोटात जातंय म्हणून मी द्यायची. पोट जितकं दुखे तितकी ती जेवायची नाही, आणि जितकी जेवायची नाही तितकं मी त्या बरणीतलं तिला भरवायची. दोन हिवाळे असे गेले. नाताळला दोन आठवडे उरले असताना ती गेली. आठ वर्षांची होती.

नवं वर्ष लागल्यावर दोन-तीन दिवसांनी मी बाजारातून आले, तर स्वयंपाकघरात मालक उभे. पायात बूट. घरभर सडक्या अंड्यांचा वास. आणि फरशीवर ओटिलीच्या बरणीचे तुकडे.

“दुकानातला शिरका संपला होता,” ते म्हणाले. “घ्यायला आलो. हातातून निसटली.”

मी त्यांना काय काय बोलले ते आता लिहवत नाही. पोरीची एवढीच एक वस्तू राहिली होती, तीही तुम्हाला सांभाळता आली नाही, बापाचं काळीज आहे की दगड, असलं सगळं. ते खाली बसले आणि एकेक तुकडा स्वतः वेचला. मला हात लावू दिला नाही. पुढची अकरा वर्षं, भांडण कशावरूनही होवो, मी शेवटी त्या बरणीवर यायची. ते एकदाही उलटून बोलले नाहीत.

त्यानंतर माणूस बदललाच. प्राध्यापकांच्या पत्रांना उत्तरं जाईनात. काच, भट्टी, बाटल्यांवर धूळ साचली. उरलं फक्त शेवाळ. आणि एके दिवशी ते बाहेरगावाहून करड्या दगडी बरण्यांची गाडी भरून घेऊन आले. म्हणाले, “आजपासून आपल्या घरात याच. लोरेन्सची भांडी नकोत.”

“का? माझ्या भावाने काय पाप केलंय?”

“चव बिघडते.”

“चव! तुम्हाला मीठ आणि साखर यांतला फरक कळत नाही, आणि चव!”

मी रडले, आदळआपट केली, आणि लोरेन्सची भांडी गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवली. भावाच्या घरी मात्र मुद्दाम त्याच्याच पिवळ्या मडक्यांत काकड्या घालायची. मालक एकदा लोरेन्सकडे जाऊन झिलई कमी वापर, दुसरं काही करून बघ, असं सांगून आले. लोरेन्स हसला. “चकाकत नाही त्या मडक्याला कुत्रं विचारत नाही. कारण तर सांगा?” मालकांनी कारण सांगितलं नाही. तेव्हाच लोरेन्सची मनगटं लुळी पडायला लागली होती. गाव म्हणायचं, पितो फार.

लोरेन्सचं शेंडेफळ योस्ट. तो चार वर्षांचा असताना त्याचं पोट दुखायला लागलं. एका सकाळी मालकांनी दुकानातून हाक मारून विचारलं, “बुर्गा, योस्ट काय खातो गं?”

“तुम्हाला काय करायचंय?” मी म्हणाले. “माझ्या भावाच्या घरात तुमचं राज्य नाही. तिथली भांडी तुम्हाला चालत नाहीत, तिथल्या पोराची चौकशी कशाला?”

त्यांनी तोंड उघडलं. मी हातात टोपली घेऊन उभी होते. टोपलीत योस्टसाठी काकड्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि परत वजनकाट्याकडे वळले. त्या दिवशी दुपारी ते स्वतः लोरेन्सच्या घरी गेले, पोराला औषध दिलं, त्याच्या आईला आंबट देऊ नको म्हणून बजावलं. पण आई म्हणाली, दुसरं काही तो खातच नाही. तीन महिन्यांनी योस्ट गेला. दफनाला मालक दफनभूमीच्या फाटकाबाहेर पावसात उभे राहिले, आत आले नाहीत. मला त्याचाही राग आला होता.

या वसंतात ते गेले. झोपेतच. दोन महिन्यांनी एका प्राध्यापकांचं पत्र आलं, की शेवाळांचा संग्रह विद्यापीठाला हवा आहे. मी गठ्ठे बांधायला बसले. सगळ्या कागदांवर माझंच अक्षर. एक गठ्ठा तेवढा ओटिलीच्या निळ्या फितीने बांधलेला होता, ती असताना जमवलेल्या शेवाळांचा. तो मी अकरा वर्षांत कधी सोडला नव्हता. माझी हिंमत होणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आता सगळंच द्यायचं म्हणून मी फीत सोडली.

आत एक चिठ्ठी होती. तीन जानेवारीची. ‘ओटिलीच्या बरणीतला शिरका. गंधकाचं पाणी टाकलं. काळा. झिलईतलं शिसं आंबटात उतरतं.’ आणि खाली वेगळ्या शाईत, ‘बुर्गाला कळता कामा नये. ती जगणार नाही.’

तिच्याखाली एक लेख होता, कुंभारांच्या पिवळ्या झिलईविषयी. सुवाच्य अक्षरात तीनदा उतरवलेला. तिसऱ्या प्रतीवर योस्ट गेला त्या आठवड्याची तारीख. प्राध्यापकांचा पत्तासुद्धा घातलेला. पाठवला एकदाही नव्हता.

माझ्या हातांनी पोर मारली हे एकदम कळलं असं झालं नाही. ते हळूहळू, एकेका काकडीगणिक कळत गेलं. आणि मग मालकांचा असा संताप आला की ते असते तर मी त्यांना मारलं असतं. मी जगले असते, मालक. रडत, कुढत, पण जगले असते. माणसं जगतात. तुम्ही माझ्यावर दया केलीत आणि तिची किंमत योस्टने दिली. कुणी मागितली होती तुमची दया? प्रयोगाचा कागद जाळायला तुमचा हात धजला नाही, आणि तो बाहेर काढायलाही धजला नाही. आणि एवढं असूनही सकाळी मी अजून आम्हा दोघांचा पाव कापते.

लेख मी पेटीत सगळ्यांत वर ठेवला आणि पेटी रवाना केली. चिठ्ठी जवळ ठेवली.

त्याच आठवड्यात लोरेन्सच्या मुलीचं, रेगिनेचं लग्न होतं. पोरगी लहानपणापासून आंबटाला शिवत नाही, म्हणूनच ती वाचली असेल. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दारात भांडी फोडायची आमची रीत. जितका खच, तितकं नशीब. उन्हं कलली तशी गल्ली भरली. मी माळ्यावरची सगळी पिवळी भांडी हातगाडीत घालून नेली.

“बघा, बघा, आत्याबाई दुकान घेऊन आल्या!” कुणीतरी ओरडलं. मी एकेक मडकं उचलून उंबऱ्यावर आपटत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. “बुर्गाआत्या, स्वतःचं लग्न आहे का?” असंही विचारून झालं. गाडी रिकामी झाली. मग मी आत गेले आणि रेगिनेच्या संसारासाठी मांडून ठेवलेल्या बरण्यांना हात घातला. दोन फुटल्यावर हसू थांबलं.

लोरेन्स आला. हात कोपरापासून लोंबत होते.

“बुर्गे, बास! वेड लागलं का? हे पोरीच्या संसाराचं आहे.”

“म्हणूनच.”

मी दार लावलं आणि त्याला चिठ्ठी वाचून दाखवली. त्याला वाचता येत नाही, आणि आता कागद धरताही येत नाही. त्याने दोनदा वाचायला लावली. मग बाकावर बसला.

“तारीख कुठल्या सालची म्हणालीस?”

मी सांगितली. त्याने मनात वर्षं मोजली.

“म्हणजे योस्टच्या आधी सहा वर्षं.”

“हो.”

“आणि त्याला तू काकड्या आणायचीस.”

“हो. तुझ्या मडक्यात.”

बाहेर लोक गाणं म्हणायला लागले होते. लोरेन्स ओरडेल, मला घराबाहेर काढेल, असं मला वाटलं. त्याने मान वर करून फळीकडे पाहिलं. तिथे त्याने नवरीसाठी केलेल्या सहा बरण्या होत्या, दोन हात झिलईच्या. हात निकामी व्हायच्या आधीची शेवटची.

“त्या राहिल्या,” तो म्हणाला. “माझा हात वर जात नाही गं.”

मी बाक ओढला आणि वर चढले.