धवल्यातली नावे

ती घटना आठवली की आजही घास गोड लागत नाही. ऐंशीच्या दशकात मी बोईसरला फौजदार होतो. चोऱ्या, कामगारांच्या मारामाऱ्या, हातभट्ट्या ही रोजची कामे. अशात एक दिवस मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस सफारी घालून पोलीस ठाण्यात आला. आमच्या लग्नगीतांच्या नकली कॅसेटी तुमच्या बाजारात विकल्या जातात, अशी त्याची तक्रार होती. सोबत कागदपत्रे, सही-शिक्के, सगळे चोख. त्या कॅसेटी कुठल्या गाळ्यात भरल्या जातात, ते माझ्या खबऱ्याने तासाभरात सांगितले.

गाळ्यात सापडला दातिवऱ्याचा एक तिशीतला माणूस. कारखान्यातली कायमची नोकरी सोडून त्याने दोन टेपरेकॉर्डर घेतले होते. दारावर स्वतः रंगवलेली पाटी, त्यावर कंपनीचे नाव आणि खाली 'मॅनेजिंग डायरेक्टर'. मला हसू आले. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला आणि या डायरेक्टर साहेबांना भर बाजारातून चालवत ठाण्यात आणले.

"साहेब, गानी मीच भरलीत. मांडवात बसून," तो म्हणाला.

"कागद दाखव."

"कागद कसला? त्या कंपनीत टेप घेऊन गेलो. बोलले, तुला या भागाचा मॅनेजर करतो. टेप ठेवून घेतली, मंग दारात उभं करीनात."

अशा कहाण्या मी रोज ऐकत असे. कबूल कर, दंडावर सुटशील, असा दम भरला. संध्याकाळपर्यंत त्याने जबाबावर सही केली. खोटे बोलणारा नजर चुकवतो, असे आम्हाला शिकवलेले. हा शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होता, तर मी त्याला निर्ढावलेला ठरवले!

तिसऱ्या दिवशी दातिवऱ्याहून एक म्हातारी एसटीने आली. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. हवालदाराने बाहेर बसायला सांगितले, पण ती थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"कंपनीची कॅशेट लावा नि नवरीचं नाव ऐका."

तपासासाठी ती कॅसेट मी तीनदा वाजवली होती. शब्दांकडे एकदाही लक्ष दिले नव्हते.

"धवला सगल्यांचा एकच हाय, पन नावं त्या त्या घरची घेतात," ती म्हणाली. "ही माझ्या पुतनीची हलद हाय. हा बसलेला समोर मशीन घेऊन."

कॅसेटमध्ये नवरीचे नाव होते, नवऱ्याचे होते, गावाचेही होते. आणि कंपनीच्या कागदावर लिहिले होते, ध्वनिमुद्रण मुंबईच्या स्टुडिओत झाले.

आता मला चेव चढला. पोलीस पाटलाकडे निरोप धाडून दोन माणसे शांतपणे बोलावता आली असती. मी मात्र जीप काढली, शिपाई आणि पंच घेतले आणि गणवेशात त्या मुलीच्या सासरी गेलो. लग्नपत्रिका जप्त केली, अंगणातच जबाब घेतले. सारी आळी गोळा झाली. मुलीचा सासरा हात जोडून उभा होता.

"आमच्या सुनेचं नाव पोलिसांच्या कागदात गेलं, साहेब," एवढेच तो बोलला. ते मी कानाआड केले.

कंपनीने सगळा दोष आपल्या एका एजंटावर ढकलून हात झटकले आणि कॅसेट बाजारातून काढून घेतली. आमचा माणूस निर्दोष सुटला. मुद्देमाल न्यायला आला तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटले, "आता चालव कंपनी जोरात."

"कशी चालवू? तीन घरी हलदीला गेलो. बायांनी मशीन बघितलं नि गप झाल्या. बोलतात, तुझ्यापायी दारात पोलीस येतात. धवलारीण मावशी गायला तयार हाय, पन आता तिलाच कोन बोलवत नाय."

मी मुद्देमालाची वही त्याच्यापुढे सरकवली. वस्तू मिळाल्याची सही करून तो गेला. पुढे कुंभवलीच्या बाजूला एका कारखान्यात तो ठेकेदाराकडे लागल्याचे कळले. ती म्हातारी दोन-तीन वर्षांत वारली. तिला येणारे बाकीचे धवले कोणीच भरून घेतले नाहीत.

खरे शोधले म्हणजे काम झाले, असे मी समजत होतो. ते शोधायला आपण कुणाच्या दारात कसे जातो, हाही तपासाचाच भाग असतो. एवढे कळायला मला हे प्रकरण लागले, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. निरपराध माणसाला सोडवल्याची शाबासकी माझ्या सेवापुस्तकात आहे. त्याचा धंदा मी बुडवला, हे कुठेच लिहिलेले नाही. म्हणून इथे लिहितो आहे.